गाण्याला स्वतःची चाल

गेल्या वर्षीच्या जयंती-कार्यक्रमात भोजनापूर्वी जे दहा-बारा मिनिटांचे गायन झाले, त्याविषयी आपल्या कुटुंबांत अद्याप उलटसुलट चर्चा चालू आहे. जे त्या दिवशी उपस्थित नव्हते त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. आपल्यापैकीच एका कुटुंबातील कन्या अबुधाबीस विद्यापीठात संगीत शिकते व तेथेच वसतिगृहात राहते. तिने स्वतः लिहिलेले आणि स्वतः चाल बांधलेले एक गीत त्या दिवशी सादर केले. साथीला वसतिगृहातील तिची इराकी मैत्रीण ऊद घेऊन बसली होती. ढोलकीवर आपले नेहमीचे, मुसाफ्फाच्या वर्कशॉपमध्ये काम करणारे बंधू होते. गीताचा विषय महाडचे तळे नव्हता की नागपूरची दीक्षाभूमी नव्हती. एका खोलीतील आठ खाटा, त्यांतील वरची खिडकीजवळची खाट, आणि त्या खाटेवर अकरा वर्षे काढलेला एक माणूस, एवढाच तो विषय होता. तो माणूस तिचे वडील. ते सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले होते आणि गीत संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

गीत संपल्यावर क्षणभर कोणास काय करावे ते कळेना. मग आपल्यातील एका वयोवृद्ध बंधूंनी मोठ्याने विचारले, "बाळ, ह्यात टाळी कुठे वाजवायची?" सभागृह हसले, मुलगीही हसली आणि ध्वनिवर्धकावर ओळखीच्या गीताचा ट्रॅक सुरू झाला.

प्रश्न तेथेच संपला असता. परंतु याच विद्यार्थिनीच्या नावाचा अर्ज आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीकडे आला आहे. निधीच्या नियमांत वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक, वाणिज्य व विधी एवढ्याच शाखांचा उल्लेख आहे, संगीताचा नाही. येत्या सर्वसाधारण सभेत या नियमावर चर्चा व्हावयाची आहे. त्या चर्चेपूर्वी आमचे मत आम्ही येथे मांडत आहोत. नियम बदलावा आणि अर्ज मंजूर व्हावा, असे आम्हांस वाटते. मात्र ज्यांना तसे वाटत नाही त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हेही आम्ही जाणतो.

विरोधाची तीन कारणे आमच्या कानी आली. मुलीने घर जवळ असता वसतिगृहात का राहावे, हे एक. संगीत शिकून पोट कसे भरावयाचे, हे दुसरे. तिसरे कारण कोणी सभेत उघड बोलत नाही, पण जिन्यात, मोटारीत आणि दूरध्वनीवर तेच बोलले जाते. आपल्या वाडवडिलांनी गावकीचे वाजविणे प्रयत्नपूर्वक सोडले; आता आपल्या शिकलेल्या मुलींनी पुन्हा वाजवावयास बसावे काय?

हे तिसरे कारण आम्हांस सर्वांत खरे वाटते, म्हणून त्यापासूनच प्रारंभ करतो. गावगाड्यात गाणे-वाजविणे ही कला नव्हती, ती अनेकांच्या वाट्यास आलेली वेठ होती. लग्न पाटलाच्या घरी, मिरवणूक गावाच्या देवाची, आणि हलगी वा डफ ज्याच्या गळ्यात, तो मात्र मांडवाच्या बाहेर. जे वाजवावयाचे ते दुसऱ्याने ठरवावयाचे, कोठवर उभे राहावयाचे तेही दुसऱ्यानेच ठरवावयाचे. तमाशाच्या फडातील स्त्रियांची अवस्था तर आपण जाणताच. बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेक घरांतून ही वाद्ये खुंटीवरून खाली उतरली ती पुन्हा वर गेलीच नाहीत. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. परंतु कायदा येण्यापूर्वीच पुष्कळांनी मनाने ती सोडून दिली होती. आमच्या आजोबांनी आयुष्यात पुन्हा हलगीला हात लावला नाही, आणि त्याचा अभिमान आमच्या घरात आजही आहे.

परंतु त्याच काळात दुसरीही एक गोष्ट घडली. नाशिकच्या भीमराव कर्डक यांनी व त्यांच्यासारख्या अनेकांनी जलसे उभे केले. सत्यशोधक जलशांनी वाट आधीच दाखविली होती. तमाशाचा सांगाडा तोच ठेवून त्यातील गण-गौळणीचा आशय पालटावयाचा आणि त्या जागी पाणवठा, शाळा, सावकार, व्यसन यांविषयी बोलावयाचे, असा तो प्रकार होता. म्हणजे आपल्या माणसांनी वाजविणे सोडले नाही, हुकुमावरून वाजविणे सोडले. या दोहोंतील अंतर आपण विसरलो आहोत काय, अशी शंका आम्हांस येते. जी मुलगी काय गावयाचे, कोणत्या सुरात गावयाचे, कोणाबरोबर गावयाचे हे स्वतः ठरविते आणि कागदावर रचनाकार म्हणून स्वतःचे नाव लिहिते, तिची तुलना मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसाशी कशी होईल? रचना करणे म्हणजेच हुकूम स्वतःच्या हाती घेणे.

आणि येथेच आमची थोडी तक्रार आहे. ती इतरांविषयी आहे तेवढीच स्वतःविषयीही आहे. आपल्या गीतांत शब्द आपले असतात, पण चाल पुष्कळदा उसनी असते. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल घ्यावयाची आणि तीवर आपले शब्द बसवावयाचे, हा परिपाठ जुना आहे. लोककवी वामनदादा कर्डक यांनी १९४३ साली जे पहिले गीत रचले तेही एका चित्रपटगीताच्या चालीवरचेच होते, असे सांगतात. त्यात कमीपणा मुळीच नव्हता. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा तरुण मुंबईत येऊन अक्षरे शिकला. त्याला संगीताची शाळा कोण दाखविणार? शिवाय त्या पद्धतीची एक मोठी सोय होती. चाल आधीच सर्वांच्या ओठी असल्यामुळे नवे गीत एका रात्रीत चाळीभर पसरे; स्वरलिपी नको, तालीम नको, पैसाही नको. पुढे वामनदादांनी हजारो गीते लिहिली, गावोगाव पायपीट केली आणि २००४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या रचना कित्येकांना स्वतःच्या घरच्या वाटत होत्या. विठ्ठल उमपांनी लोकसंगीताचे रांगडेपण शास्त्रीय बैठकीच्या तोडीने उभे केले. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच ते कोसळले. ही माणसे साधनांच्या अभावातून एवढे देऊन गेली. आपल्यापाशी साधने आहेत, आणि आपण काय करतो? त्यांच्याच गीतांचे ट्रॅक मोबाइलवरून वाजवून त्यांवर गातो. वर्षानुवर्षे तीच सात-आठ गीते, तोच क्रम. आमच्या चिरंजीवांनी एकदा आम्हांस विचारले होते की या गाण्यांत दुबई का नसते. आम्ही उत्तर दिले नाही.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एस. ए. जमील या मल्याळी कवी-गायकाने 'दुबई कत्तुपाट्टु' रचले. कत्तु म्हणजे पत्र. गावी राहिलेल्या पत्नीने आखातातील पतीस लिहिलेले पत्र मापिळा गीताच्या धाटणीत गाइले आहे. पुढे पतीचे उत्तरही त्यांनी रचले. केरळी खोल्यांतून त्याच्या ध्वनिफिती ऐकताना मोठमोठी माणसे भिंतीकडे तोंड करून पडत. याच भूमीच्या जुन्या रहिवाशांकडेही तसेच आहे. मोती काढणाऱ्या गलबतांवर नहाम नावाचा खास गायक असे आणि वल्ही, शिडे, दोर यांच्या कामास त्याच्या आवाजाची साथ असे. पूर्व आफ्रिकेतून येथे आलेल्यांच्या वंशजांनी आपला लेवा नाच आणि त्याचे पडघम आजवर सांभाळले आहेत. प्रत्येकाच्या कष्टाला येथे एक सूर आहे. आपली माणसे या वाळवंटात चाळीस-पन्नास वर्षे राबली, बुरूज उभे केले, तेलवाहिन्या जोडल्या, रुग्णालयांत रात्रपाळ्या केल्या. त्या कष्टाचे मराठी गाणे आमच्या ऐकण्यात तरी त्या दिवसापर्यंत नव्हते. त्या मुलीने ते केले, आणि आपण विचारले टाळी कुठे वाजवायची.

आता वसतिगृहाचा मुद्दा घेऊ. वास्तविक वसतिगृहाची भीती आपल्याला वाटावी हेच नवल आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह, हे १९२५ सालचे. शाळा गावोगाव होत्या, पण आपल्या मुलाला राहावयास कोणी जागा देत नव्हते. म्हणून आधी छप्पर. पुढे १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय निघाले आणि नागसेनवनातील वसतिगृहांत मराठवाड्यातील मुले प्रथमच पोटभर जेवून अभ्यासास बसली. त्याच परिसरात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक उभे राहिले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात सत्तरीच्या दशकात रात्र-रात्र काय वाद रंगत आणि तेथून कोणत्या कविता बाहेर पडल्या, हे आमच्या पिढीस सांगावयास नको. आणि खुद्द बाबासाहेब? १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचल्यावर ते प्रथम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये उतरले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तेथे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे सोबती झाले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे पैशांच्या अडचणीतही भथेना धावून आले. ज्या तरुणाला स्वदेशात, बडोद्यात, राहावयास खोली मिळू नये, त्याला परदेशी वसतिगृहात खोलीही मिळाली आणि सखाही मिळाला.

आमचेही वसतिगृहच होते, फक्त त्यास तसे कोणी म्हणत नसे. आम्ही १९९३ साली दुबईस आलो ते देऱ्यातील नाइफ भागात एका खोलीतील 'बेडस्पेस'वर. सहा माणसे, एक चूल, एक स्नानगृह आणि गुरुवारी रात्री भांड्यांवरून होणारी भांडणे. पण त्याच खोलीत शुक्रवारी सकाळी वंदना होई, खालच्या खाटेवर डबा उपडा करून कोणी ताल धरी आणि प्रल्हाद शिंदे यांच्या ध्वनिफितीबरोबर सारे गात. पलीकडचा पठाण दारात उभा राहून ऐके. त्यास शब्द कळत नसत, पण ताल कळे. आपल्या संस्थेची पहिली बैठक कोणत्याही सभागृहात झाली नाही, ती अशाच खाटांवर झाली. २०२२ पासून साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारी गेली आणि आपली वंदनाही रविवारी आली, एवढाच काय तो बदल. मग ज्या सहवासातून आपण उभे राहिलो, तो आपल्या मुलीला चांगल्या भिंतींत, स्वतंत्र टेबल-खुर्चीसह मिळत असेल तर आक्षेप कशाचा?

आम्ही व आमच्या सौभाग्यवती गेल्या हिवाळ्यात तिला भेटावयास सादियात बेटावर गेलो होतो. न्यूयॉर्क विद्यापीठाची अबुधाबी शाखा २०१० साली सुरू झाली आणि २०१४ साली या बेटावरील नव्या परिसरात गेली. बर्कली या अमेरिकेतील प्रख्यात संगीत संस्थेचे केंद्रही याच बेटावर २०२० पासून आहे. शारजात २०१९ साली रंगमंचीय कलांची अकादमी निघाली. म्हणजे आपण पाहता पाहता हा प्रदेश संगीत शिकण्याचे ठिकाण झाला आहे, आणि आपण अजून या प्रदेशाकडे फक्त पगाराच्या स्लिपमधून पाहतो.

ती मुलगी तेथे मजेत आहे, हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण तिच्या मजेत असण्याचाच काहींना राग आहे. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात तिने आम्हांस पिठले करून घातले. तिच्या केनियन मैत्रिणीने त्यात तिखट कमी असल्याचा शेरा मारला. रात्री दोन वाजता कानाला यंत्र लावून चाल बांधावयाची, सकाळी उशिरा उठून वर्गाकडे पळावयाचे, एकमेकींचे कपडे घालावयाचे, परीक्षेच्या आदल्या रात्री मोठमोठ्याने गावयाचे, असे तिचे चालते. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती प्रथम गंभीर झाल्या आणि मग म्हणाल्या, "आपल्याला हे मिळालं असतं तर?" परतीच्या वाटेवर घंटोत गाडी पोहोचेपर्यंत त्या दुसरे काही बोलल्या नाहीत.

आणि त्या मजेतून शिक्षण कसे होते तेही पाहिले. तिने आम्हांस समजावून सांगितले ते आमच्या अल्पमतीस जसे उमगले तसे देतो. आपल्या भैरवीत रे, ग, ध, नी हे चार स्वर कोमल. अरबी संगीतातील कुर्द नावाचा मकाम घेतला तर त्याचे स्वर तेच. इराकी मैत्रीण सरावाच्या खोलीत कुर्द वाजवीत होती, हिला दारातून जाताना वाटले की कोणी आपली भैरवी छेडीत आहे. ते गीत तेथून जन्मले. आपला भैरव आणि त्यांचा हिजाजकार यांचे स्वरही एकच. इथिओपियाच्या एका विद्यार्थ्याकडून तिला कळले की त्यांच्या तिझिता नावाच्या गाण्यांचा एक प्रकार सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांवर चालतो, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. पण सर्वच काही जुळत नाही, आणि जे जुळत नाही तेच तिला अधिक आवडते. रास्त मकामातील गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कोठेतरी असतो. तो आपल्या पेटीवर वाजतच नाही, कारण पेटीची पट्टी दाबली की स्वर ठरून जातो. उदाला पडदे नसतात. बोट जेथे थांबेल तेथे स्वर. तिच्या गीतात वडील रात्रपाळीहून परततात त्या कडव्यात तो मधला गंधार आहे. आम्हांस तो सभागृहात बेसूर वाटला होता, हे कबूल करतो.

अशी जोडणी घरी एकट्या खोलीत बसून झाली नसती. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिकवणीनेही झाली नसती. एकाच जिन्यावर इराक, इथिओपिया आणि महाराष्ट्र राहतात तेव्हाच ती होते.

संगीत केवळ करमणूक आहे असे ज्यांना वाटते त्यांना नसीर शम्मा यांचे उदाहरण सांगावेसे वाटते. या इराकी उदवादकाने २००८ साली अबुधाबीत 'बैत अल ऊद' ही ऊद शिकविणारी संस्था उभी केली. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमिरिया येथील निवाऱ्यावर बॉम्ब पडून चारशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या घटनेवर शम्मा यांनी एका उदावर रचना केली. तीत एकही शब्द नाही. आपल्याकडे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात जे घडले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले, ते आठवले की वाटते, ते दुःख शब्दांत आले, चित्रपटात आले. स्वरांत अद्याप कोणी पूर्ण मांडावयाचे आहे.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. येथे आम्ही गोड बोलणार नाही. संगीतात निश्चित पगार नाही आणि वामनदादांची ओढगस्त सर्वांना ठाऊक आहे. गल्फमधील नोकरदारांच्या मुलांसाठी एन.आय.टी.सारख्या संस्थांत वेगळ्या जागा असतात. त्या सोडून कोणी या वाटेने गेले तर आईबापांच्या पोटात खड्डा पडणारच. एवढेच सांगतो की शाळांना संगीतशिक्षक लागतात, चित्रपटांना व जाहिरातींना पार्श्वसंगीत लागते, आणि २०२१ साली दुबईच्या एक्स्पोमध्ये ए. आर. रहमान यांच्या मार्गदर्शनाखाली फिरदौस हा केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हा या वाटेवर दारे अगदीच बंद नाहीत. तिची गणिते तिने व तिच्या वडिलांनी मांडलेली आहेत. त्यांनी आपल्याकडे संपूर्ण शुल्क मागितलेले नाही. शेवटच्या दोन सत्रांच्या वसतिगृहाच्या खर्चातील अर्धा भाग मागितला आहे. गेल्या जयंतीला आपण सभागृहाच्या पुष्पसजावटीवर आणि पाहुण्यांच्या शालींवर जे खर्च केले, ते कोषाध्यक्षांच्या अहवालात छापलेले आहे. वाचकांनी ते पृष्ठ जरूर उघडून पाहावे.

आमची सूचना अशी की नियमातील शाखांची यादीच काढून टाकावी आणि 'कोणतीही मान्यताप्राप्त पदवी' एवढे शब्द ठेवावेत. शिवाय दरवर्षी जयंतीकरिता एक नवे गीत, नव्या चालीसह, आपल्यातील कोणाकडून तरी रचून घ्यावे व त्याचे मानधन द्यावे, फुकट नको. जुनी गीते अर्थातच राहतील. ती आपल्या रक्तात आहेत.

बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तू यांना बुद्धगीतांची तबकडी लावावयास सांगितली होती आणि स्वतःही तीबरोबर गुणगुणत होते. आपल्या घरी कोणी व्हायोलिन मागितले की मात्र आपण आधी गणिताचे गुण विचारतो.

ती मुलगी सध्या दुसऱ्या रचनेवर काम करीत आहे. त्यासाठी तिला आपल्या आजी-माउल्यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या आणि जुन्या जलशांतील गाण्यांच्या चाली हव्या आहेत. ज्यांच्या घरी कोणा वडीलधाऱ्यांना त्या आठवत असतील, त्यांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून रविवारच्या वंदनेनंतर तिच्या वडिलांकडे द्यावे. ध्वनिमुद्रण करताना पंखा व वातानुकूल यंत्र बंद ठेवावे, असा तिचा खास निरोप आहे. शब्द अर्धवट आठवले तरी चालतील, चाल पूर्ण हवी.